ताशा शेकायचा कागद

— असू द्या, असू द्या, चपला राहू द्या पायात, या आत. पण त्या खुर्चीवर नको, ती ह्यांची. ह्यांची म्हणजे माझ्या मिस्टरांची हो, मुकुंदरावांची, ज्यांच्याकडे तुम्हाला धाडलंय. ते आत पडलेत, जागे आहेत, तेव्हा जरा हळू बोला. दारातून ‘कालिंदीताई आहेत का’ म्हणून मराठीत विचारलंत ना, तेव्हाच ओळखलं मी — आता फुटबॉल क्लबाने आपल्यातला माणूस पाठवलाय! आधी बंगाली मंडळी येऊन गेली, त्यांना मी पायरीवरूनच परतवून लावलं, मग सेक्रेटरी भवतोषबाबूंनी डोकं चालवलं — बँकेत नागपूरहून कोणी चारुदत्तराव बदलून आलाय, नवाकोरा मेंबर आहे, त्याला पाठवा, मराठीत चार गोड शब्द बोलला की बाई विरघळेल. चहा घ्या. बाई काही विरघळत नाही, चहा मात्र बरा करते.

काय म्हणालात? मैदानावरची गॅलरी मेल्यासारखी झालीय? ठाऊक आहे हो, रेडिओ आहे आमच्याकडे. आपला गोल झाला तरी लोक शेंगा सोलत बसतात म्हणे — बरोबर? मागून आवाज नाही म्हणून खेळाडूंच्या पायात जोर नाही, आणि शनिवारची मॅच हरलात तर क्लब खालच्या डिव्हिजनला जाणार. म्हणून मुकुंदरावांनी ताशा घेऊन यावं आणि लोकांना परत ओरडायला लावावं. वा रे वा! इतकी वर्षं मुकुंदराव जिवंत आहेत की गेले हे तरी विचारलं का कोणी?

तुम्ही नवे, तुम्हाला काय सांगून पाठवलं असेल देव जाणे, म्हणून सांगते. ह्यांचा जन्म इथला, बागबाजारचा, बंगाली बोलतात ते ऐकून कोणी मराठी म्हणणार नाही. गणपतीतला आपला ताशा हे मैदानावर न्यायला लागले — लाकडी बाकांच्या गॅलरीत सगळ्यांत वर उभे राहायचे, आणि एकदा का ताशा तडतडला की सगळी गॅलरी एका दमात उठायची. ‘बाजा रे बर्गी!’, वाजव रे बर्गी, म्हणून ओरडायची. बर्गी कोण? अहो, आपलेच, मराठे घोडेस्वार, पूर्वी इकडे लुटायला यायचे ते — त्यांना अडवायला खणलेला खंदक ह्याच बागबाजारातून निघायचा. पण प्रेमाने म्हणायचे हो, हेही हसायचे. आता इथलं फुटबॉल पडलं पावसाळ्यातलं, आणि कातडं दमटलं की ताशा भद्द भद्द वाजतो, तो शेकावाच लागतो. मग हाफटाइमला वर्तमानपत्राची सुरळी पेटवायची आणि तिच्यावर ताशा धरायचा. दोन्ही हात ताशाला, तेव्हा पेटता कागद दुसऱ्या कोणीतरी धरायला हवा. कोण धरायचं माहितेय? भवतोषबाबू! तेव्हा सेक्रेटरी नव्हते ना — बोटं भाजेपर्यंत धरायचे, वर म्हणायचे, ‘आर एकटू, मुकुंददा, आर एकटू!’ आणखी जरा, आणखी जरा. माझ्या हातचं बर्नॉल लावून घेतलंय ह्याच ओट्यापाशी उभं राहून.

आणि मग ती मॅच. दिवस कसले होते ते तुम्हाला नागपुरात काय कळणार — गल्लीगल्लीतून पोलीस पोरं उचलत होते, आज बॉम्ब तर उद्या गोळी. त्या दिवशी गॅलरीत मारामारी जुंपली, पलीकडच्या टोकाला कोणा मेल्याने बाकं पेटवली, घोड्यावरचे पोलीस आत घुसले. वर बघतात तर हे ताशा शेकतायत, आणि खाली जळता कागद! तोवर भवतोषबाबू सेक्रेटरी झालेले, कागद धरायला दुसरा माणूस होता, तो पळाला आणि सुरळी ह्यांच्या पायाशी पडली. पोलिसाने विचारलं, हा कोण? भवतोषबाबू दोन हातांच्या अंतरावर उभे. एवढंच म्हणायचं होतं की आमचाच आहे, ताशा शेकतोय. काय म्हणाले असतील? ‘आमचा नाही. बाहेरचा आहे, बर्गी. आगी लावायची जुनी सवय त्यांना.’ आणि हसले! क्लबावर ठपका नको ना यायला! ठाण्यात पोलिसांनी उजव्या हाताची बोटं मोडली, तसेच हे घरी आले. भात मी भरवायची ह्यांना, चारुदत्तराव, लहान मुलासारखा.

आणि तुम्हाला वाटतं गॅलरी आपोआप गप्प झाली? आपोआप दूध नासतं. गॅलरी मी गप्प केली! हो, मी! त्या साली गणपतीला गॅलरीतली सगळी मंडळी नेहमीसारखी आमच्याकडे आली, हे तापाने फणफणलेले. मी एकेकाच्या हातावर मोदक ठेवला आणि म्हटलं, घ्या शपथ — भवतोषबाबू भर गॅलरीत उभे राहून ‘मुकुंददा आमचा’ म्हणत नाहीत तोवर तोंड उघडायचं नाही. जा, बसा, मॅच बघा, पण हूं नाही की चूं नाही. सगळ्यांनी खाल्ला मोदक. आणि पाळली हो शपथ! गोल होतो, रेडिओवरचा तो माणूस एकटाच बोंबलतो, मागे सगळं चिडीचूप — मी इथे पोळ्या लाटता लाटता ऐकते आणि असा जीव थंड होतो म्हणून सांगू... अगं बाई, हे तुमच्यापाशी बोलायचं नव्हतं मला. मरू दे, सांगा जाऊन! कळू दे त्यांना कोणी केलं ते!

ह्यांना? छे, ह्यांना नाही माहीत. हे मॅच असली की रेडिओ कानाशी घेऊन बसतात. मॅच कुठली ऐकतात, गॅलरी ऐकतात. काही ऐकू आलं नाही की बंद करतात आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. ‘विसरले गं मला सगळे,’ म्हणतात. ‘क्लबातून कोणी आलं होतं का?’ मी म्हणते, नाही. — असे काय बघताय? मला कळत नाही? रोज कळतं! पण नाही सोडणार मी. बुडू दे क्लब, लागू दे कुलूप. भवतोषबाबूंना म्हणावं, या इथे, धरा पूर्वीसारखा कागद, भाजू द्या बोटं, आणि मग —

काय हो? — कोणी नाही! मीटर बघायला आलेत विजेचं!

तुम्हाला म्हटलं होतं ना हळू बोला... नाही, तुम्ही कुठे बोललात, मघापासून मीच बोलतेय.

काय म्हणताय आतून? — काडेपेटी? काडेपेटी कशाला हवीय तुम्हाला? — आणि रद्दी? — अहो, ताशा खुंटीवरून कशाला काढलात, हात कुठे चालतोय तुमचा... डाव्याने?

...

उठा, चारुदत्तराव. चहा राहू दे. भवतोषबाबूंना सांगा... काही सांगू नका. जा तुम्ही, दार ओढून घ्या जाताना. मला आत जायला हवं, ह्यांना कागद धरायला कोणी नाहीये.