सगळेच अध्यक्ष

मान मागे टाका... हां, अशी. नाही हो डॉक्टर, कोणी येणार नाही. उद्या दवाखाना पाडायला मशीन येईल, तुम्ही दारात उभे राहाल, आणि तुमच्या मागे कोण? — कोणी नाही. राग मानू नका, तुम्ही इथे नवीन. याच गल्लीने एकदा असलंच मशीन परत पाठवलंय — हो, याच! आदल्या संध्याकाळी सगळे या दुकानात जमले, मी वस्तरा हातात घेऊन कोपऱ्यात उभा. शिंपी, बेकरीवाला, शाळेतल्या बाई, एकमेकांचं तोंड न बघणारेसुद्धा. सकाळी रस्त्यात नुसते उभे राहिलो. मशीन निमूट परत गेलं की!

मग ते मशीन धाडणाऱ्या नगरसेवक साहेबांनी काय केलं? दम दिला? छे! पदं दिली. शिंपी ज्येष्ठांच्या समितीचा अध्यक्ष, बेकरीवाला व्यापाऱ्यांच्या, बाई महिलांच्या, गल्लीतला एक पहिलवानही कसल्याशा समितीचा अध्यक्ष — कसल्या, ते त्यालाही ठाऊक नाही. प्रत्येकाच्या दारावर पाटी, पाटीवर साहेबांचा फोटो. आता सांगा, एक अध्यक्ष दुसऱ्या अध्यक्षाच्या बैठकीला जाईल? ‘मला निरोप कोणाकडून धाडला?’, ‘आधी बोलणार कोण?’ — यातच प्रत्येकाचे रुसवे! माणसं तीच हो, फक्त एकमेकांकडे जाणं संपलं. शिंपी आजारी पडला, ते शेजारच्या बेकरीवाल्याला साहेबांच्या ऑफिसातून कळलं. शेजारच्या!

हलू नका, लागेल. — मी? बाहेरची पाटी वाचलीत ना? उपाध्यक्ष. मला मेल्यांनी धड अध्यक्षही केलं नाही. पण पाटी काढली, की दुसऱ्या दिवशी टेप घेऊन माणसं येतील, दुकान रस्त्यात येतं म्हणतील. मला नाही जमायचं. कळतं हो, सगळं कळतं. आमच्या हिच्या पायाची जखम तुम्हीच धुता, दुसरीकडे न्यायचं तर दोन बस बदलायच्या. तिला सांगितलंय मी — गप्प घरात बस, साहेबांच्या कानावर घालतो. घातलं? ...घालीन.

काय? एक जण येतंय? कोण?

नाही, काहीतरी चुकतंय तुमचं. तिला जिना उतरवत नाही, मी धरतो तेव्हा उतरते. मला बोलली नसती?... तुमच्या दारात खुर्ची ठेवायला सांगितली? तिने? एकटीने?

उठा. — असू दे अर्धी दाढी. उठा म्हणतो ना, दुकान बंद करून शिंप्याकडे जायचंय मला.