धोंड्याचं वाण

गड्या, सासरवाडीत अशी मान खाली घालायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

पासष्ट-सहासष्टची गोष्ट. माझी सासरवाडी शिराळ्याची. नागपंचमीला साप धरण्यात मेव्हणा लय पटाईत. आमच्या आबांनी, म्हंजे वडलांनी, त्याला मुद्दाम रहिमतपूरला बोलावून रानातल्या सगळ्या धामणी धरून न्यायला लावल्या. पुढच्याच सुगीला उंदरांनी भुईमुगाच्या शेंगा बिळात ओढून नेल्या. उंदरांवर उपाय म्हणून आबांनी विट्याहून मांजरं आणली, तर त्यांनी आमच्या कोंबडीची पिल्लंच खाल्ली.

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. सासऱ्यांनी पाटावर बसवलं आणि भरल्या घरात विचारलं, "जावईबापू, वाण काय देऊ? अंगठी करू का घड्याळ घेऊ?"

आबांनी निघताना बजावलं होतं. मी ताटाकडं बघत म्हणालो, "मामा, अंगठी नको. धामणी द्या."

आतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

परतीच्या एस.टी.त फडकं बांधलेलं मडकं मांडीवर घेऊन बसलो. बायको पार मागच्या बाकावर जाऊन बसली. कंडक्टरनं विचारलं, "पाव्हणं, काय दिलं सासऱ्यानं?"

लाजंनं तोंडातनं निघून गेलं, "अनारसे."

तो शेजारी टेकला आणि फडक्याच्या गाठीला हात घालत म्हणाला, "मग एक द्या की!"