मोठ्याने वाचून दाखवा

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरील ग्रंथालयाचे प्रमुख आणि आमच्या गटाचे दोन्ही संस्थापक, आजचे सत्कारमूर्ती आमचे सर, त्यांच्या शेजारी बसून माझ्याआधी घड्याळाकडे बघणाऱ्या वहिनी, आणि भाषण सुरू झालं तरी मांडीवरचा लॅपटॉप न मिटणाऱ्या माझ्या प्रोग्रामर बंधू-भगिनींनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. सरांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून मी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलणार आहे. मागे बसलेल्यांनी मी रागावले आहे असं समजू नये. तशी माझी ख्याती आहे, हे मला ठाऊक आहे.

आज पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते. हा नऊशे प्रोग्रामर मंडळींचा गट. महिन्यातून एकदा आम्ही ग्रंथालयाच्या या वरच्या दालनात भेटतो आणि उरलेले दिवस ईमेलवर भांडतो. गटाला लिहिलेलं प्रत्येक पत्र आधी सरांकडे जातं. त्यांनी सोडलं की मग ते सगळ्यांना पोहोचतं. ग्रंथालयाच्या सूचीचा प्रोग्राम सांभाळून एकवीस वर्षं सरांनी हे काम केलं, तेही हौसेनं. पाठीमागे आम्ही त्यांना 'गाळणी' म्हणायचो. सर, तुम्हाला माहीत नसेल तर आता झालं. वहिनी हसताहेत, म्हणजे त्यांना माहीत होतं.

सरांची एक पद्धत होती. पत्रात राग दिसला तर ते एक अक्षरही खोडत नसत. लिहिणाऱ्याला फोन करत आणि म्हणत, "मला मोठ्याने वाचून दाखवा." शेवटपर्यंत वाचलं की पत्र जसंच्या तसं जाई. करून बघा कधी. 'तुमच्यासारख्या गाढवाला कुणी नोकरी दिली' हे टाइप करायला काही लागत नाही, पण एका सभ्य माणसाच्या कानात म्हणायला जीभ वळत नाही. दुसऱ्या परिच्छेदाला लोक चाचरायचे, मग "राहू द्या सर, उद्या नीट लिहितो" म्हणायचे. सुंठीवाचून खोकला जायचा. अलीकडे सरांना फोनवर ऐकू येईना, तेव्हा तर पत्र ओरडून वाचावं लागे. स्वतःचा राग स्वतःच्याच घरात ओरडून वाचताना शेजारचं दार उघडलं की माणूस किती लवकर शहाणा होतो, ते आमच्यातल्या चौघांना विचारा. नावं सांगत नाही. आता मात्र ओरडूनही भागत नाही, म्हणून सर हे काम सोडताहेत.

आता मी त्या विषयावर येते, जो "आज नको" असं मला तिघांनी बजावलं आहे. मी सरांनाच विचारलं. ते म्हणाले, "ते वगळणार असशील तर बोलूच नकोस."

बारा वर्षांपूर्वी मी गटात नवी होते. अंध माणसांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एक प्रोग्राम मी लिहिला होता आणि पुढच्या बैठकीत तो दाखवणार होते. माझं इथलं पहिलंच काम. त्याआधीच्या बैठकीत आमच्या एका ज्येष्ठ सभासदांचं व्याख्यान होतं. माहितीचे साठे सांभाळण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, म्हणून सगळे त्यांना डेटाभाऊ म्हणतात. विषय होता, वरून चकचकीत पण आत काहीच काम न करणारे प्रोग्राम. उदाहरण म्हणून त्यांनी पडद्यावर एक फोटो लावला. तो माझा होता. खाली लिहिलं होतं, 'दर्शनी भाग उत्तम. आत शोध चालू आहे.' दालन हसलं. सरही हसले. मीसुद्धा हसले, आणि पुढे कितीतरी दिवस मला माझं ते हसणंच जास्त लागत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी गटाला पत्र लिहिलं. त्यात राग होता, तो असायलाच हवा होता. सरांचा फोन आला, "मोठ्याने वाचून दाखवा." मी वाचायला लागले. तिसऱ्या ओळीवर रडू फुटलं. पुढे शब्दच निघेना. सर म्हणाले, "बाळ, मग राहू दे. शांत झालीस की बघू." त्यांना वाटलं, आपण हिला जपलं.

मग माझ्या एका मैत्रिणीने गटावर एका ओळीत विचारलं, 'तो फोटो गरजेचा होता का?' एवढंच. त्यावर अकरा दिवसांत एकशे चाळीस पत्रं आली. विनोदावर बंदी घालायची का, आज फोटो तर उद्या काय, विचारस्वातंत्र्याची किंमत काय, बायकांना विनोद कळतो का. एका पत्राला सात तळटीपा होत्या. गंमत बघा, उचलली जीभ लावली टाळ्याला असं कुणीच केलं नाही. सगळं कसं सभ्य, मुद्देसूद, थंड डोक्याचं. राग कुठेच नाही, म्हणून फोन कुणालाच नाही. हसलेल्या माणसांना थंड डोक्याने लिहिणं अवघड का जावं? माझ्याविषयी एकशे चाळीस पत्रं, आणि त्यात माझं एकही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो दुसरा काय असतो? मी माझ्या प्रोग्रामचं सादरीकरण मागे घेतलं. गट सोडायचं पत्रही लिहून ठेवलं. ते अगदी शांत होतं, सहज गेलं असतं.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं. अकराव्या दिवशी जेवताना त्यांनी सरांना विचारलं, "त्या मुलीचं काय झालं?" सरांनी माझं पत्र काढून त्यांना वाचून दाखवायला सुरुवात केली. मोठ्याने. तिसऱ्या ओळीशी ते स्वतःच थांबले. वहिनी म्हणाल्या, "तिला रडू आलं म्हणून तिचं अडवलंत, आणि हसू आलं त्यांची सगळी सोडलीत?"

सर ताटावरून उठले, हे वहिनींना अजून बोचतं. त्यांनी माझं पत्र एकही शब्द न बदलता नऊशे जणांना पाठवलं. वर स्वतःच्या चार ओळी लिहिल्या. 'मी राग गाळत होतो. दुखावलेल्या माणसाला राग येतो आणि दुखावणाऱ्याला येत नाही, एवढी साधी गोष्ट मला नऊ वर्षं कळली नाही. मीही त्या दिवशी हसलो होतो. माझं चुकलं.' मोठ्या हुद्द्याच्या माणसांचे माफीनामे मी पुष्कळ वाचले आहेत. 'कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास' हे चार शब्द नसलेला हा एकच.

मी गट सोडला नाही. पण आमचं गोडीगुलाबीने मिटलं असं मात्र समजू नका. डेटाभाऊंना काढून टाका, असं निम्म्या गटाचं म्हणणं होतं. माझंही होतं. सर म्हणाले, "त्याला घालवलं तर तो हेच दुसऱ्या दालनात बोलेल, आणि तिथे त्याला अडवायला तू नसशील."

मी म्हणाले, "मी इथे बसायचं आणि ऐकून घ्यायचं, हा नियम कुणी केला?"

याचं उत्तर मी आजही शोधते आहे. वर्षभर आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. पण पद्धत त्यांनी बदलली. त्या दिवसापासून, पत्र थंड असो की गरम, त्यात कुणा माणसाविषयी काही असलं तर ते फोनवर मोठ्याने वाचावं लागे. विनोदसुद्धा. सर शांतपणे ऐकून विचारायचे, "यात नेमकं हसायचं कुठे?" समजावून सांगता सांगता भल्याभल्यांची गाळण उडाली. माझं मागे घेतलेलं सादरीकरण शेवटी झालं, तेव्हा सर पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले होते, नुसतं ऐकत. त्या दिवशी मला वडिलांची फार आठवण आली. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, आज सांगते.

उद्यापासून हे काम रीतसर माझ्याकडे येतंय, पत्रं मात्र या आठवड्यापासूनच माझ्याकडे येऊ लागली आहेत. आणि परवा माझ्याविरुद्ध पहिलं पत्र आलं. डेटाभाऊंचं. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांना विचारूनच बोलते आहे, कृपया कुणी मान वळवू नये. पत्र चांगलंच गरम होतं. आता या बाईच्या राज्यात पुरुषाने तोंड उघडायची सोय उरणार नाही, ही जुना हिशेब चुकता करणार, आणि बरंच काही. पत्र माझ्या हातात, सोडायचं की नाही हेही माझ्याच हातात. खरं सांगते, बोट पुसायच्या बटणावर गेलं होतं. मग मी फोन केला आणि म्हणाले, "मोठ्याने वाचून दाखवा."

त्यांनी चढ्या आवाजात वाचलं. शेवटाकडे एक ओळ होती, 'पत्नी गेल्यापासून मी बोलतो ते फक्त इथे. इथूनही काढलंत तर.' तिथे त्यांचा आवाज बसला. मी 'राहू द्या' म्हणाले नाही. मी नुसती फोन धरून बसले. मग त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "तो फोटो मी लावायला नको होता." मी म्हणाले, "नको होता." पूर्ण माफ केलंय असं मी म्हणणार नाही, अजून तेवढं जमलेलं नाही. पण त्यांचं पत्र आज सकाळी जसंच्या तसं गेलं आहे. माझ्याविषयी त्यात काय काय आहे ते आपण घरी गेल्यावर वाचालच. काही जण आत्ताच वाचताहेत, ते मला इथून दिसतंय.

सर, हे पत्र तुम्हाला न विचारता सोडलं. बरोबर केलं ना? वहिनी मान हलवताहेत, म्हणजे झालं.

आपण सर्वांनी मनापासून ऐकलंत, अध्यक्षबाईंनी वेळ उलटून गेल्यावरही घंटी वाजवली नाही, ग्रंथालयाने इतकी वर्षं हे दालन दिलं, सगळ्यांची मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. ते जमलं नाही तर मला लिहा. मी फोन करीन. वाचताना रडू आलं तरी चालेल, मला वेळ आहे.