लोवरीच्या खिडकीतला झरोका

हॅलो? … हं, बोल लोवरी, मीच. … नाही गं, झोपलो कुठला, वर्कशॉपमध्येच आहे. … येतंय ऐकू, पण वारा फार आहे तुझ्याकडे. जरा भिंतीच्या आडोशाला जा ना. … हां, आता ठीक.

नीट पोहोचलात ना? … मेनाईच्या खाडीवरच्या पुलावर ट्रेलर हेलकावे खात होता? मग, तिथला वारा म्हणजे वाराच. … आई पण आलीय? या थंडीत तिला कशाला नेलंस? … बरं बरं. ती ऐकते होय कुणाचं.

काय? … शर्यतीच्या तपासणीत पास झाली गाडी? तपासनिसानं तुझ्या बाजूची खिडकी नीट बघितली? … बोटं फिरवून? … आणि ती कडेची काळी पट्टी? … नाही, सहज विचारलं. … शोभेची वाटली त्याला. बरं.

अगं, कसलं सुंदर काम. प्लास्टिक तापवायचं, साच्यावर दाबायचं, झाला खिडकीत हवेचा झरोका. … लाजत नाहीये मी. … म्हटलं ना, नाही लाजत.

हो, हवा थेट तुझ्या मानेवर येईल. … हो, आता तसं नाही होणार. … लोवरी, ते परत नको ना सांगूस. उन्हाळ्यात त्या उकाड्यानं वळणावर तुझी शुद्ध गेली, गाडी टायरांच्या ढिगात घुसली, मी कुंपणापाशी उभा होतो. विसरेन होय? म्हणून तर झरोका करायला घेतला.

बरं, एक मिनिट, ऐक ना माझं. मला जरा… आईला? आत्ता? … अगं नंतर दे, आधी माझं…

हॅलो आई. … हो, गेथिनच बोलतोय. … खाल्लं, खाल्लं. अंडं आणि पाव. … तू टोपी घातलीस ना? … नाही गं, त्यात कसले उपकार. … आई, असं नको म्हणूस. … भाऊ असावा तर असा वगैरे नको म्हणूस ना, मला कसंतरीच होतंय. … सर्दी नाही झालेली. फोन दे तिला. दे ना गं.

लोवरी, शर्यत किती वाजता? … तासाभरानं? मग ऐक. … हो, तुझ्याबरोबर शर्यतीत असलेल्या ब्रिनची खिडकीही मीच केली. गाड्या एकाच मॉडेलच्या, साचा तोच. … शेजारीच उभा आहे? काय म्हणतो? … नाही, सारख्याच नाहीत. … तेच तर सांगतोय, सारख्या नाहीत त्या. तू जरा बाजूला ये, त्याच्यासमोर नको.

आलीस? … ती पट्टी शोभेची नाही. … तिच्याखाली बुडबुडे आहेत. … वरचे नव्हेत गं, प्लास्टिकच्या आतले. शीट साच्यावर घेण्याआधी रात्रभर भट्टीत वाळवावी लागते. नाहीतर आत मुरलेली ओल उकळते आणि बुडबुडे धरतात. तुझी शीट मी वाळवली नाही. … कारण भट्टीत ब्रिनची होती, आणि भट्टी एकच आहे.

दिसले. साच्यावरून उचलतानाच दिसले. झरोक्याच्या काठालाच, जिथे सगळा ताण येतो तिथे. … हो, फेकायलाच हवी होती. … हो. … हो, ब्रिनची चांगली आहे.

कारण तो गिऱ्हाईक आहे. उद्या दुसरीकडे जाईल, चार लोकांत नाव घालवेल. आणि तू काय, घरची. घरची सांभाळून घेते, असं वाटलं. … खरं सांगू? असं वाटलंसुद्धा नाही, तेच वाईट आहे. पट्टी चिकटवली आणि चहा प्यायला गेलो. इतकं सहज.

फुटेलच असं नाही. … पण सरळ रस्त्यावर सुसाट जाशील तेव्हा वारा त्या झरोक्यावरच आदळणार. तडा गेला तर तुकडा आत येईल, तुझ्या गळ्याशी. … काल सांगायला हवं होतं, मान्य. ट्रेलर बांधून झाल्यावर तू मिठी मारलीस ना, तेव्हा ओठांवर आलं होतं. नाही बोललो. लाज वाटली मला. अजूनही वाटतेय.

हो, रागाव. शिव्या दे हवं तर. … दे अजून.

हां. ऐक, मार्ग आहे. ब्रिनच्या व्हॅनमध्ये त्याची जुनी साधी खिडकी आहे, झरोका नसलेली. तुझ्या गाडीला बसेल. उकडेल थोडं, पण आज गारठा आहे, निभेल. … माग त्याच्याकडे. माझं नाव सांग, खरं कारणही सांग, चालेल मला. तू उतर शर्यतीत, वर्षभर मेहनत केलीयस.

काय? … पुढची काच? … ती चांगली आहे. … नाही, तिच्यात काही नाही. … अगं तीही प्लास्टिकचीच, पण ती मी वाळवली होती. … कशावरून म्हणजे? मी सांगतोय ना.

हो, ही बाजूची खिडकी पण मीच दिली होती, चांगली म्हणून. … मागचीही चांगली आहे. दरवाजाचीही. … मोजत काय बसलीस, लोवरी? … माहितीय मला, सगळ्या काचा माझ्याच आहेत.

आईला काय सांगतेयस? … मला ऐकू येतंय सगळं. … ब्रिनला ट्रेलर गाडीपाशी आणायला का सांगतेयस, शर्यत सोडतेस? … अगं, नुसती बाजूची खिडकी बदल ना, बाकी गाडीला काही झालेलं नाही. … तुझी शपथ घेऊन सांगतो. … बरं, नाही घेत. तुझी नाही घेत.

लोवरी, पुढची काच दोन दिवस भट्टीत होती. … ऐकतेयस? … अगं, ती खरंच वाळवली होती मी…