लोंबता दोरा

— नाही हो, बाही सैल नाहीये, तुम्ही खांदा पाडून उभ्या आहात. सरळ राहा बघू. हां, अशा. तर कुठे होते मी? मांजर. आल्या आल्या विचारलंत ना, आज गुंडी मशीनवर दिसत नाही म्हणून — सकाळपासून दवाखान्यात आहे. आमचे हे बसलेत तिच्याजवळ. दोरा गिळलाय तिने. सुई नव्हती, फोटो काढून बघितलं, तेवढं नशीब. शिवणकामाच्या घरातलं मांजर दोरा गिळणारच म्हणाल — पण अकरा वर्षांत नव्हता गिळला! तिचं सगळं मी जातीने बघते. दूध बंद, जुलाब होतात तिला, लोकांना पटत नाही ते. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, तेही हाताने कुस्करून, दात उरलेत कुठे! पाण्याची वाटी जेवणापासून लांब, नाहीतर बाईसाहेब तोंड लावणार नाहीत. दर रविवारी वजन — आधी मी एकटी काट्यावर, मग तिला घेऊन. त्यात माझंही वाढलेलं कळतं, तो मनस्ताप वेगळाच. हात वर करा.

यांचंही तसंच. यांची वाचा गेली त्याला तीन वर्षं झाली. दोघांचं पथ्य, दोघांच्या गोळ्या — परवा तिची गोळी यांच्या वाटीत पडता पडता राहिली. थकले हो मी. खरंच थकले. यांना काम एकच दिलंय, संध्याकाळी फरशीवरचे दोरे वेचायचे. गुडघे धरून वाकतात, कोपऱ्याकोपऱ्यातून एकेक उचलतात, आणि ती मागे मागे. तिच्याशी तेवढा यांचा आवाज निघतो — शब्द नाही, घशातून काहीतरी, पण निघतो. माझ्याशी नाही. असो! तर एखादा राहिला असेल वेचताना. डॉक्टरीणबाईंना मी म्हटलंच, यांचं लक्ष नसतं हो. यांनी मान हलवली. हो म्हणाले.

निळा होता. तुमच्याच ड्रेसचा — अहो, तुमचा काय दोष त्यात! उद्या तुमची मुलाखत, म्हणून यांचं वेचून झाल्यावर मी परत बसले ना मशीनवर — म्हणजे — हो, मग तो माझाच पडलेला. माझाच. यांनी फरशी लख्ख केली होती.

हलू नका, टाचणी लागेल. सकाळी बघते तर शेपटीखाली बोटभर लोंबतोय. आता लोंबता दोरा दिसला की माझा हात थांबतो का? चाळीस वर्षांची खोड! गिऱ्हाइकाच्या अंगावरचासुद्धा न विचारता ओढते मी. ओढला. वीतभर आला आणि अडला. ओरडली हो — अशी कधी ओरडली नव्हती. मग कात्रीने कापून टाकला. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच, कुणी ओढला नाही ना? ओढला असेल तर आतड्याला चुण्या पडतात, आतून कापलं जातं, थांबून चालत नाही, लगेच पोट उघडावं लागतं. नसेल ओढला तर संध्याकाळपर्यंत वाट बघू. चुण्या कशा पडतात ते मला सांगावं लागतं का कुणी? आणि मी म्हटलं — नाही. का म्हटलं? नुकतंच यांच्यावर ढकलून मोकळी झाले होते, आता कुठल्या तोंडाने सांगू! हे बघत होते माझ्याकडे. यांनी सकाळी पाहिलं होतं सगळं. आणि यांना बोलता येत नाही.

किती वाजले? तीन? म्हणजे सहा तास झाले. तशीच पडून असेल ती, आणि सगळे वाट बघतायत, माझ्या एका शब्दावर — तुम्ही नका ना असं बघू! उतरवा तो ड्रेस. सांभाळून. राहिलेलं मी पहाटे उठून करीन, नाहीतर दुसरा घाला, मला नाही सुचत आता काही. फोन कुठे गेला माझा? त्या कापडाखाली बघा. द्या इकडे.

— हॅलो, डॉक्टरीणबाई? गुंडीच्या घरून बोलतेय. दोरा मी ओढला होता. हो, मीच, सकाळी. वीतभर. माहितीये, विचारलं होतंत, खोटं बोलले मी. आधी पोट उघडायला घ्या, माझ्यावर मग ओरडा. आणि यांना फोन द्या जरा. अहो, बोलता येत नाही, पण ऐकू येतं, कानाला लावा नुसता. — अहो, ऐकताय ना? तुम्ही सगळे वेचले होते. एकही राहिला नव्हता. माझा होता तो. — अहो?

निघा ताई तुम्ही. दुकान बंद आहे आज.