देव्हाऱ्यातलं लायसन्स

"हॅलो? हॅलो, आई? … मीच, नीरजा. … अगं नाव दिसतं ना फोनवर, मग कोण कोण काय विचारतेस. … नाही जेवले अजून. … बारा वाजलेत आई, बारा. … हो, हो… अगं ऐक ना. आधी माझं ऐक."

आईनं ऐकलं नाही. ऐकेल कशी? लेकीचा देवासहून धारला फोन आला की आधी जेवण, मग जावईबापू, मग पाण्याची टाकी, आणि सगळ्यात शेवटी काम, हा सुरेखाबाईंचा क्रम वर्षानुवर्षं ठरलेला. नीरजा पलंगावर उघड्या सूटकेसशेजारी बसली होती. मांडीवर लॅपटॉप होता आणि त्यावर पोस्टाचं पान.

"अर्पित ऑफिसात. … येतंय पाणी, रोज येतंय. … आई, दोनदा विचारलं मी तुला. माझ्या नावाचं पाकीट आलंय का? दोन्ही वेळा नाही म्हणालीस. … हो ना? … मग पोस्टाच्या साइटवर असं का लिहिलंय? चार तारीख, सोमवार, पाकीट पोहोचलं, सही सुरेखा. आता आपल्या घरात दुसरी सुरेखा कोण आहे ते सांग मला. … आई? … टाकीचं आत्ता कुठे काढलंस?"

आईनं विषय बदलला म्हणजे पाकीट आलेलं होतं. त्या पाकिटात तिचं लायसन्स होतं. टॉवरवरून विमानं उतरवायचं, उडवायचं लायसन्स. मुदत वाढवायला दिल्लीला पाठवलेलं आणि कायमच्या पत्त्यावर, म्हणजे माहेरी, परत आलेलं. कायमचा पत्ता बदलायचा कंटाळा केला होता तिनं, आता घ्या.

"कुठे आहे ते? … देव्हाऱ्यात? … देव्हाऱ्यात कशाला ठेवलंस? … अगं ती वेगळी गोष्ट होती, ते नोकरीचं पहिलं पत्र होतं. … अंकुरचंही नोकरीचंच होतं. सरकारी शिक्का दिसला की खंडोबापुढे, रविवारी भंडारा लावून दादा उघडणार, मान्य आहे मला, पण हे लायसन्स आहे गं, ड्रायव्हिंगच्या लायसन्ससारखं. … मग सांगायचं ना मला, आलंय म्हणून. … सरप्राइज? … अरे यार."

सोमवारी पाकीट आलं, खंडोबाच्या चांदीच्या टाकाखाली गेलं. रविवारी दादांनी, म्हणजे वडिलांनी, उघडलं असतं तरी चाललं असतं. पण दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, खातेगावचे कृष्णाजीकाका वारले, सुर्व्यांच्या सगळ्या भाऊबंदांना सुतक लागलं आणि देव्हाऱ्याला हात लावणं बंद झालं. पाकीट आत, माणसं बाहेर.

"आज पंधरा तारीख, शुक्रवार आई. … रविवारी तेरावा झाल्यावर काढशील, आणि मी काय करू तोवर? … अगं कोर्स आहे माझा, रडारचा. मागच्या महिन्यात पेढे कशाचे खाल्लेस? … हां, तोच. उद्या दुपारी दोनपर्यंत ट्रेनिंग सेंटरवर कागद तपासणार आहेत. … फोटो नाही चालत, मूळ लायसन्स लागतं. … आज इंदूरहून सहाची गाडी आहे माझी. … बारा जागा आहेत गं, बारा, आणि मागे चौदा जण रांगेत. मी दोन वाजता तिथे नसले की रांगेतल्या पहिल्याला फोन लावतील."

आईनं विचारलं असावं, की कोलकात्याला बदली तर झालीच आहे, मग कोर्स नसला तर काय बिघडतं. हा प्रश्न तिनं महिन्याभरात चौथ्यांदा विचारला होता. नीरजानं डोळे मिटले, उघडले. खिडकीतून देवीच्या टेकरीची पायवाट दिसत होती, तिथे लोक उन्हात सुखानं चढत होते.

"पुन्हा सांगते. … इथे इंदूरला मी टॉवरवर आहे. काचेतून बघते आणि उतरवते. समोर दिसतं विमान. … कोलकात्याला मला रडारवर बसायचंय. काळा पडदा, त्यावर ठिपके, एका वेळी पंधरा-पंधरा विमानं, एकही डोळ्यांनी दिसत नाही. ते शिकल्याशिवाय कोण बसू देईल? … बदली होणारच. कोर्स झाला तर रडारवर, नाही झाला तर तिथे जाऊन दुसऱ्याच्या शेजारी बसायचं आणि फोन उचलायचे. सात वर्षं काम करून फोन उचलू मी? … पुढचा कोर्स वर्षानं, तोही मिळाला तर."

"काय मागितलंस? … देवाला काय मागितलंस तू?"

हे मात्र ती अगदी हळू म्हणाली.

"बदली रद्द होऊ दे. … तुला वाटलं पाकिटात बदलीचा कागद आहे. … म्हणून टाकाखाली ठेवलंस, बाजूला नाही, खाली. … आई, रडू नकोस. … लांब आहे, माहीत आहे मला कोलकाता लांब आहे. … अगं मी तीन महिन्यांपासून पहाटे उठून अभ्यास करतेय, अर्पितला चहासुद्धा करून देत नाही, आणि तू तिकडे देवाला उलटं सांगतेस. राग येणार नाही का मला? … आलाय. खूप आलाय."

आई रडत होती, आणि भांडण करून पाकीट काही गाडीत बसणार नव्हतं. नीरजानं घड्याळ बघितलं. मग तिचा आवाज बदलला. टॉवरवर ढग दाटले, तीन विमानं एकदम आली की तिचा असाच सपाट, सावकाश आवाज निघतो. वैमानिकाला एकेक गोष्ट सांगायची, त्यानं ती तशीच्या तशी परत म्हणायची, हिनं ऐकून 'बरोबर' म्हणायचं. परत म्हटलं नाही तर सांगितलंच नाही असं धरायचं, हा तिच्या कामाचा पहिला नियम. दुर्दैवानं घरात हा नियम कोणी पाळत नाही.

"आई, आता नीट ऐक. डोळे पूस. … स्पीकरवर टाक फोन, दादा आहेत ना तिथे? … असू देत, झोपाळ्यावर बसून ऐकतील. … अंकुरला पाकीट दे. इंदूरच्या बसमध्ये बसव. गंगवाल बसस्टँड, चौकशीची खिडकी, साडेतीन, तिथून हलायचं नाही. मी देवासहून तिथे येते. … आता परत म्हण. … परत म्हण म्हणजे, मी काय सांगितलं ते सांग मला. … तू विमान नाहीस, माहीत आहे. तरी म्हण ना."

आईनं म्हटलं नाही. त्याऐवजी नीरजाच्या भावाची, अंकुरची, नवीन बातमी दिली.

"पीथमपूरला? … आज तर त्याची रात्रपाळी असते ना? … बदलून घेतली. वा. … फोन लाव त्याला. … कारखान्याच्या गेटवर जमा करतात फोन, हो, विसरले मी. … चारला सुटेल, मग धार, मग इंदूर, गाडी गेलेली असेल आई. … बरं, शेजारच्या अल्पना भाभी? सुतकात दिवा त्याच लावतात ना आपल्याकडे? त्यांना कुठे सुतक आहे, त्यांना म्हणावं काढा. … राजगढला? … कधी येणार? … संध्याकाळी. आज सगळं गावच निघालंय का बाहेर?"

सूटकेसमधली ओढणी तिनं काढली, परत घातली, परत काढली.

"मग तू काढ. … तूच काढ आई, नुसता हात घालायचा, टाक उचलायचा. … आंघोळ कर हवं तर. … काय होणार आहे? … मी? मी कशी येऊ? … येऊन काढायला चार तास, परत इंदूरला जायला दोन तास, गाडी काय माझ्यासाठी थांबेल? … हो, मला सुतक नाही. … काय म्हणालीस?"

आता ती उभी राहिली.

"परत म्हण. … नाही, आता तर म्हणच. … मी दुसऱ्या घरची. लग्न झालं, गोत्र बदललं, मला सुर्व्यांचं सुतक नाही. म्हणून मीच यायचं, मीच काढायचं. … नियम माहीत आहे मला, तू केलेला नाहीस, तेही माहीत आहे. पण कृष्णाजीकाकांनी मला सायकल शिकवली आई, खातेगावच्या मळ्यात. ते गेले तर मला काही लागत नाही, आणि पाकिटावर पत्ता मात्र तुमचा चालतो. … मी टोचून बोलत नाहीये. … हो, बोलतेय टोचून. … दादा, तुम्ही ऐकताय ना? काहीच म्हणायचं नाही तुम्हाला? … हॅलो, दादा?"

दादा, म्हणजे मार्तंडराव, फोनवर 'हं' याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. शिलाई मशीन दुरुस्त करत आयुष्य गेलं त्यांचं, बोलण्याचं काम त्यांनी बायकोकडे दिलेलं होतं. देवाधर्माचं मात्र स्वतःकडे. लेकीच्या बदलीबद्दल बरं-वाईट एक अक्षर बोलले नव्हते, आणि नीरजानं त्याचा अर्थ नाराजी असाच लावला होता.

"राहू दे आई. नाही जात मी. … खरंच. कळवते त्यांना, आजारी आहे म्हणून. … देवाला सांग, ऐकलं त्यानं तुझं. … नाही, रडत नाहीये. … रडतेय, मग? … सात वर्षं झाली गं, एक चूक नाही माझी, आणि आता… थांब. … आई? कसला आवाज झाला? … घंटा पडली? कोणती, देव्हाऱ्यातली? … कशी पडली? … आई, बोल ना. हॅलो?"

पलीकडे आई कुणाला तरी 'अहो, अहो' म्हणत होती. पितळी घंटा फरशीवर गोल गोल फिरत थांबली, तेवढं नीरजाला स्पष्ट ऐकू आलं.

"कोणी? … दादांनी? … दादांनी हात घातला? … सुतकात? … तू खोटं बोलत नाहीस ना? … काय म्हणाले ते? … नाही, नीट सांग, शब्द न् शब्द सांग. … पाकीट फोडलं. … हं. … लायसन्स वाचलं. … 'नीरजा मार्तंड सुर्वे.' … 'हिच्या नावापुढे माझं नाव आहे. ही दुसऱ्या घरची कशी?' … असं म्हणाले? … मग? … 'हिलाही सुतक आहे. तरी ही कामाला जाते ना? मग मी जातो.' …"

नीरजा पलंगाच्या कडेला बसली. लग्नानंतर लायसन्सवरचं नाव बदललं नाही म्हणून सासरी दोन दिवस अबोला झाला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, आपण हे नुसतं कागदांची कटकट नको म्हणून केलं. आता तिला तसं वाटेना. दादांची तिला फार आठवण आली.

"फोन दे त्यांना. … दे ना, एक मिनिट. … गेले? कुठे गेले? … बसस्टँडला? एकटे? … अगं त्यांचा गुडघा. … त्यांच्या फोनवर लावते मी, तू ठेव. … काय? … हा त्यांचाच फोन आहे? तुझं सिम घालून? … तुझा कुठे आहे? … अंकुरनं नेलाय दुरुस्तीला. … म्हणजे दादांकडे फोनच नाही. … आई, धावत जा, गाठ त्यांना. … वळले चौकातून? … अगं पण ते जाणार कुठे, त्यांना काय माहीत? सरवट्याच्या स्टँडला उतरले तर? स्टेशनवर जाऊन बसले तर? मी कुठे शोधू त्यांना इंदूरमध्ये? मी तुला तरी किती वेळा म्हटलं, परत म्हण, परत म्हण… नाही ऐकलंस तू. कुणीच ऐकत नाही या घरात."

आई काहीतरी सांगत होती. नीरजानं दोनदा तिचं बोलणं तोडलं, तिसऱ्यांदा थांबली.

"जिन्यात? … जिन्यात काय म्हणाले? … पुटपुटत होते? … देवाचं काही म्हणत असतील. … नाही? मग? … हळू सांग. जसं म्हणाले तसंच सांग, तुझं काही घालू नकोस. …"

"गंगवाल. …"

"चौकशीची खिडकी. …"

"साडेतीन. …"

"हलायचं नाही. …"

नीरजानं डोळे पुसले. लॅपटॉप मिटला, ओढणी सूटकेसमध्ये ठेवली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "… अगं तुला नाही म्हटलं आई, दादांना म्हटलं. … माहीत आहे, त्यांना ऐकू नाही गेलं. … हो, जेवते. ठेव आता, निघायचंय मला."