सुकन्या राहिली

कुनाचाच इस्वास बसला न्हाई, शेषेराव भाऊ — एका मानसाचा म्हनून न्हाई. म्या भर मैदानात उबी ऱ्हाऊन वरडले, पोरगी बाराची हाय, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालेली, पाळण्यात घातली तवा बैलांच्या शिंगाचा रंग वाळला नव्हता — तर तो पंच हसला. हसला की! म्हनला, बाई, पोळा कंच्या सालचा? आता तुमीबी हसू नका. टायपाचं मशीन थांबवा जरा. आदी ऐकून घ्या, मंग बडवा. म्या चौथी शिकलेली, सही येती, बशीची पाटी वाचता येती, पन सायेब लोकांचा अर्ज येत न्हाई — आन खेळाच्या दफ्तरातला सायेब म्हनतोय लेखी द्या, तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातंय. म्हनून तुमच्या लिंबाखाली येऊन बसले. सोमवारी नांदेडला विभागाचे सामने हायेत. आज शुक्रवार. पोरगी चार दिसापासून भिंतीकडं तोंड करून निजती. घासबी पोटात न्हाई. मंग म्या काय करावं?

खो-खो हो. चौदा वर्साखालच्या पोरींचा. आमची शाळा जिल्हा परिषदेची, भूकंपानंतर नवं गाव बसलं तितली, पहिली ते धावी. खेळाचा मास्तरच न्हाई आमाला! गनिताचे अनंतराव गुरुजी, चाकूरकडचे, तेच संध्याकाळी चुन्याच्या रेघा मारायचे. खांब न्हाईत म्हनून पाडलेल्या पत्र्याच्या शेडातले दोन वासे आनून पुरले. पोरी अनवानी. मुरूम टोचून टोचून तळपाय असे झाले की काटा मोडावा, पाय न्हाई. आन समोर कोन? हितली लातूरची, ती मोठी शाळा, क्लासवाल्यांची — नाव नका घालू, आमाला त्यांच्याशी कोर्ट खेळायचं न्हाई. त्यांच्या पोरी गाडीतून उतरल्या, सगळ्यांचे बूट एका रंगाचे, एक बाई नुसती पानी पाजायला. बरं, त्यांच्या पोरी म्हनाव्या तर त्यांच्या तरी हायेत का? एक नायगावची, एक उदगीरची, दोघी तिकडं कर्नाटकातल्या, एकीचं नाव गंगम्मा, तिला मराठीत खो म्हनता येईना, नुसती हां हां करती. जुलैत नाव घातलं, सप्टेंबरात जिल्हा खेळल्या. वर्गात कवा बसल्या ते बाकड्यालाच ठाव. आन चौदाच्या आतल्या! आवं, एकीच्या गळ्यावर मंगळसूत्राचा वळ होता. केवळाबाई माज्या शेजारी बसली होती, ती म्हनली, गुना, हिला सासू हाय बग, सासूला मैदानाभाईर बसवून आली. आमी दोघी पदर तोंडात घालून हसलो. आमच्या पोरी घरच्या आन त्यांच्या येचून आनलेल्या — ही काय जोड झाली? एका अंगनातल्या कोंबड्या एकीकडं, आन बाजारातून पारखून आनलेले कोंबडे एकीकडं. आन निकाल म्हनं गुनावर.

पन जिंकल्या. हाव! दोन गुनांनी. माजी लेक शेवटच्या पाळीत पळाली ती साडेतीन मिनिटं हातात गावली न्हाई. खांबाजवळून अशी वळायची की समोरची पोरगी खांबालाच मिठी मारायची. ती गंगम्मा तर दोनदा मातीत. अनंतराव गुरुजी रडून राहिले होते, धोतराचा सोगा डोळ्याला. म्या न्हाई रडले. म्या म्हनलं, रडायचं घरी जाऊन, आदी त्या पोरी बगा कशा पेकाटात लाथ बसल्यावानी बसल्यात.

मंग त्यांचा सर उठला. हातात कागद. म्हनला, हरकत हाय. ही पोरगी, सुकन्या सटवाजी बिराजदार, जन्म एक जून शहाऐंशी. चौदा उलटून गेले. खेळाच्या फारमावर अठ्ठ्याऐंशी लिवलंय, शाळेच्या रजिस्टरात शहाऐंशी हाय, हा उतारा. संपलं. दोन गुनांचा सामना एका कागदानं गेला. आमचा संघ बाद, पोरगी तीन वर्सं बाद, आन नांदेडला कोन जानार — त्या! सासूवाल्या!

उतारा कुठून आला, इचारता? आता ते... ते सांगते. त्यो सर श्रावनात माज्या घरी आला होता. चहा पिला. म्हनला, मावशी, पोरगी आमाला द्या, लातूरला ठेवू, होस्टेल, दूध, अंडी, वर धावीला आमचा क्लास, सगळा मराठवाडा लेकरं घेऊन लातूरला येऊन राहिलाय आन तुमच्या दारात लातूर आलंय. खोटं कशाला बोलू, मला हाव सुटली. आईला सुटती. त्यो म्हनला, शाळेतून जन्मतारखेचा उतारा तेवढा आना. म्या आनून दिला. म्याच. कागद बगून म्हनला, तारीख जरा जड हाय — पन तुमी काळजी करू नका, तारखेचं आमी बगून घेतो, आमच्याकडं आल्यावर बसती बरोबर. कळलं का भाऊ? तीच तारीख त्यांच्याकडं गेली असती तर हलकी झाली असती. आमच्याकडं राहिली म्हनून जड! पोरगी म्हनली मी जात न्हाई, माज्या मैतरनी सोडून. न्हाई गेली. कागद मातर त्याच्या खिशातच राहिला.

लिव्हा आता. सायेबाच्या दफ्तरातला कारकून मला भाईर गाठून म्हनला, मावशी, सोपं हाय, अर्जात लिहा की गुरुजींनी आमाला न इचारता फारमावर तारीख बदलली. पोरीवरची बंदी उठंल, गुरुजीची चौकशी तर लागलीच हाय. चौकशी लागलीच हाय — म्हंजे बुडत्याच्या डोक्यावर आजून एक पाय. त्यांनी म्या सांगितलं तेच लिवलं होतं हो. फारम भरताना म्हनले, गुनाबाई, रजिस्टरात तर शहाऐंशी दिसतंय. म्या म्हनलं, गुरुजी, पोरीकडं बगा, ही चौदाची दिसती का? त्यांनी बगितलं आन लिवलं. तेवढाच त्यांचा गुन्हा. पन माज्या लेकराकडं बगू का गुरुजीकडं? घाला नाव. अनंतराव — घाला.

काय? थांबलात कामून? ...शहाऐंशीची तारीख मंग आली कुठून, असंच ना? पंचानंबी हेच इचारलं. म्हनला, बाई, पोरगी बाराची म्हनता, तर मंग रजिस्टरात ही चौदाची सुकन्या कोन हाय? आन म्या गप बसले. तितंच. मघापासून कुनी इस्वास ठेवला न्हाई म्हनून बोंबलून राहिले, पन इचारलं तवा तोंड म्याच शिवलं. लेक मैदानातून माज्याकडं बगून राहिली होती. पायाला माती, छाती वरखाली. तिनं वळखलं. ती नुसती म्हनली, आई, सांग की. आन म्या चपला हुडकाय लागले.

सात वर्सं झाली भाऊ. भूकंपाच्या त्या पहाटं घराचं माळवद खाली आलं. मालक दुपारला सापडले. ही धाकली माज्या कुशीत होती, दोघी दाराच्या चौकटीत घावलो. थोरली आत. तीन दिस आत. मिलटरीचे लोक, गावचे लोक, जो येईल तो ढिगावर उबा ऱ्हाऊन एकच इचारायचा — कोन राहिलं? कोन राहिलं आत? आन म्या सांगायचे — सुकन्या राहिली, माजी सुकन्या राहिली. सांगून सांगून जिभंला तेवढंच ठाव राहिलं. तिसऱ्या दिशी काढली. हिरव्या परकरावरून वळखली. कुनाला दावलीबी न्हाई, सगळ्यांसंगं माती दिली. तितून आटवड्यानं तलाठी आन हेच अनंतराव गुरुजी, तवा गावात नवेच आलेले, यादी करत आले. म्या पत्र्याला टेकून बसलेली, धाकली मांडीवर. गुरुजींनी इचारलं, लई मायेनं इचारलं हो — बाई, तुमचं कोन राहिलं?

त्यांच्या मनात, वाचलं कोन. माज्या कानात, ढिगाखाली कोन.

म्या म्हनलं, सुकन्या राहिली.

त्यांनी मांडीवरच्या लेकराकडं बगितलं आन लिवलं, सुकन्या. थोरलीचं नाव जूनमधी पहिलीत घातलेलंच होतं, सात भरल्यावर, एक जूनची तारीख ठोकून — आमच्याकडं सगळी लेकरं एक जूनलाच जन्मत्यात, मास्तर लोकांच्या सोयीनं. तलाठ्यानं मेलेल्यात लिवलं, सटवाजी आन इंदू. इंदू ही हो! ही जी पळती. ही सरकारात मेलेली हाय.

चूक झाली, कबूल. मानूस शुद्धीवर नव्हतं. पन पुढं शुद्धीवर आले की! शेडात शाळा भरली, धाकलीला नेऊन बसवली, पाचच वर्सांची. गुरुजींनी हजेरी घेतली — सुकन्या सटवाजी. इंदू माज्याकडं वळून बगाय लागली. म्या तवाच म्हनायचं होतं, गुरुजी, ही इंदू. दोन शब्द. न्हाई म्हनले. म्हनलं, बोल बाळा, हजर म्हन. ती म्हनली हजर. आन माज्या काळजात काय झालं ते तुमच्या मशीनीत बसनार न्हाई. मंग रोज दहाला जायचे. लाकडं ऱ्हाऊ दे, पानी ऱ्हाऊ दे, पत्र्याला कान लावून उबी. सुकन्या सटवाजी — हजर. रोज दहाच्या ठोक्याला माजी मेलेली लेक हजर व्हायची. गावाला ठाव होतं, जे उरले होते त्यांना. केवळाबाई एकदाच म्हनली, गुना, जितीला मारून मेलीला जगवती व्हय ग? म्या तिच्यावर दगड घेऊन धावले. परत कुनी बोललं न्हाई. घरी तिला बाळी म्हनते. इंदू म्हनून हाक मारून सात वर्सं झाली. ती दुसरीच्या तारखेत वाढली, दुसरीचं वय घेऊन पळाली, आन तरीबी त्या आनलेल्या पोरींच्या हाताला लागली न्हाई. मैदानात तिला कुनी हारवलं न्हाई, भाऊ.

त्यो कागद काढा मशीनीतून. अनंतराव नको. फाडा — न्हाई, माज्याकडं द्या, म्या फाडते. दुसरा चढवा. गुरुजींनी लिवलेली तारीख खरी हाय, असं आदी लिव्हा. खेळलेली पोरगी इंदू, वय बारा, जिती हाय — ठळक येतं का तुमच्यात? आन त्याच्या खाली लिव्हा, सुकन्या सटवाजी बिराजदार, वय सात... तुमचा शब्द काय हाय त्यो, सरकारी... हां. मयत. लिव्हा. लिव्हा की. म्या डोळे झाकले म्हनून काय झालं, टकटक ऐकू येती मला.

झालं? नांदेडचं काय व्हतंय ते व्हवो. सोमवार काय एकच हाय व्हय.

आता पुढं काय इचारता — खोटी नोंद कुनी केली? गुरुजींनी न्हाई. तलाठ्यानं न्हाई. त्या क्लासवाल्यानंबी न्हाई, त्याचं पाप निराळं हाय, त्याचं त्यो बगंल. लिव्हा. दमानं लिव्हा, अक्षर चुकू देऊ नका. गुनाबाई सटवाजी बिराजदार.